आपण परत आल्यावर तिथे काय उरतं?

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मी भूलतज्ज्ञ आहे. म्हणजे ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या उशाशी उभी राहणारी आणि नंतर पेशंटच्या अजिबात लक्षात न राहणारी डॉक्टर. गेली पंचवीसेक वर्षं मी सांगली-मिरज भागात काम करते. मधल्या काळात तीन वेळा, दर वेळी साधारण सहा आठवडे, मी आफ्रिकेतल्या मलावी देशात एका जिल्हा रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम केलं. त्याबद्दल बोला, असं मला सांगितलंय.

परत आलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "किती ऑपरेशनं केलीत?" दुसरा प्रश्न, "तिथे काहीच सोयी नसतील ना?" आणि तिसरा, जरा दबकत, "आपल्याकडे गडचिरोली, मेळघाट असताना एवढ्या लांब कशाला?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण मला वाटतं, खरा प्रश्न चौथा आहे आणि तो फारसं कुणी विचारत नाही. तुम्ही परत आल्यावर तिथे काय उरलं? आज मी त्याच प्रश्नाभोवती बोलणार आहे.

आधी थोडी ओळख. मलावी म्हणजे आग्नेय आफ्रिकेतला एक चिंचोळा देश. ब्रिटिशांच्या काळात त्याला न्यासालँड म्हणायचे, 1964 साली स्वतंत्र झाला. 2018 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे पावणेदोन कोटी. देशाच्या एका कडेला भलंमोठं मलावी सरोवर, त्यातून निघणारी शिरे नदी, दक्षिणेला थ्योलोचे चहाचे मळे. कारभार इंग्रजीत, बोलणं चिचेवा भाषेत. लोक शांत, कमालीचे अदबशीर. घाईत असला तरी आधी "मुली ब्वांजी", म्हणजे कसे आहात, हे विचारल्याशिवाय कुणी कामाचं बोलत नाही. थिएटरमध्येसुद्धा.

या देशाचं स्वतःचं मेडिकल कॉलेज ब्लँटायरला सुरू झालं ते 1991 साली. त्याआधी डॉक्टर व्हायचं तर परदेशात जायचं, आणि गेलेले सगळे परत येत नसत. मग रुग्णालयं चालवली कुणी? तर क्लिनिकल ऑफिसर नावाच्या मंडळींनी. तीन वर्षांचा डिप्लोमा, वर्षभर इंटर्नशिप आणि मग थेट जिल्ह्यात नेमणूक. जिल्हा रुग्णालयांतली बहुतेक सिझेरियन आजही हेच लोक करतात. भूल देणारेही बहुतेक ठिकाणी डॉक्टर नसतात, भुलेचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले क्लिनिकल ऑफिसर असतात.

आपल्याकडच्या डॉक्टर मित्रमैत्रिणींना हे सांगितलं की त्यांच्या भुवया वर जातात. डॉक्टर नसलेला माणूस पोट उघडतो? हो, उघडतो. आणि ज्या माणसानं हजारो सिझेरियन केलेली आहेत त्याच्या हाताकडे पाहिलं की भुवया आपोआप खाली येतात. आणखी एक व्यावहारिक गोष्ट अशी, की हा डिप्लोमा बाहेरच्या देशांत चालत नाही. त्यामुळे डॉक्टर निघून गेले तरी ही माणसं जिल्ह्यात टिकली.

मी जिथे होते तिथे दोन थिएटरं, भूल देणारे चार क्लिनिकल ऑफिसर, आणि ऑपरेशनं करणारे पूर्ण शिकलेले डॉक्टर एक. वय पस्तिशीच्या आसपास. त्यांना मी नुसतं 'डॉक्टर' म्हणते, नाव घेत नाही. त्यांना ते आवडणार नाही. सकाळी वॉर्डचा राउंड, मग थिएटर, दुपारी औषधांच्या साठ्याच्या बैठका, रुग्णवाहिकेच्या डिझेलचा हिशोब, आणि रात्री पुन्हा थिएटर.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, कुठल्या केसेस मी घेऊ? ते हसले. म्हणाले, "केसेस आम्ही रोज करतोच, मॅडम. तुम्ही सहा आठवड्यांनी जाल. माझी चार माणसं इथेच राहणार आहेत. त्यांना कधी कुणाला काही विचारता येत नाही. तुम्ही त्यांच्या शेजारी उभ्या राहा."

खरं सांगते, एवढ्या लांबून आलेल्या माणसाला हे ऐकायला जरा जड जातं. आपण मनात काहीतरी मोठं घेऊन आलेलो असतो. पण ते असं का म्हणाले, हे मला आठवडाभरात कळलं.

थिएटरबाहेरच्या व्हरांड्यात भुलेची दोन चकचकीत यंत्रं उभी होती. त्यांच्यावर कापड टाकलेलं, आणि त्या कापडावर सिस्टर लोकांचे डबे. ती कुणीतरी दान दिलेली. एक 110 व्होल्टवर चालणारं, आणि मलावीत वीज आपल्यासारखी, 230 व्होल्टची. दुसऱ्याला सिलिंडरचा दाबाखालचा ऑक्सिजन सतत लागायचा, तो कधी पुरेसा नसायचाच. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण पाठवण्याआधी एक फोन करून "तुमच्याकडे वीज कशी आहे" एवढं कुणी विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट. माझ्या आधी काही महिन्यांपूर्वी बाहेरून एक तुकडी आली होती. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ऑपरेशनं झाली. हर्निया, गाठी, असं बरंच काही. काम चांगलं झालं होतं, याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण त्या आठवड्यात थिएटरचा महिन्याभराचा गॉज, टाके आणि हातमोजे संपले. आणि तुकडी विमानात बसल्यावर ज्या पाच-सात पेशंटच्या जखमा चिघळल्या, त्यांचं ड्रेसिंग, त्यांची अँटिबायोटिक्स आणि त्यांच्या नातेवाइकांची समजूत हे सगळं पुढचे दोन महिने या एका डॉक्टरनं आणि सिस्टरनी केलं. पाहुण्यांच्या अहवालात ऑपरेशनांचा आकडा आला असणार. या दोन महिन्यांचा हिशोब कुठल्याच अहवालात येत नाही.

म्हणून 'किती केलीत' हा आकडा फसवा आहे. कुठलंही ऑपरेशन टाके घातल्यावर संपत नाही. ते पेशंट घरी जाऊन शेतात उभा राहिला की संपतं. आणि तोपर्यंत तिथे असतो तो स्थानिक डॉक्टर.

आता 'तिथे काहीच सोयी नसतील' या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. सोयी कमी होत्या, खरंच. पण सोयी कमी म्हणजे ज्ञान कमी, असं आपण नकळत धरून चालतो. एक रात्र सांगते, म्हणजे माझं म्हणणं कळेल.

मार्च महिना होता. मक्याचं पीक अजून हाती आलेलं नव्हतं. मलावीत पावसाळ्याच्या शेवटाचे हे दिवस उपासमारीचे समजले जातात आणि मलेरियाही तेव्हाच जोरात असतो. म्हणजे येणारा पेशंट आधीच अशक्त आणि रक्त कमी असलेला. रात्री साडेअकराला एक तरुण बाई आली. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटून पोटात रक्तस्राव झाला होता. नाडी हाताला जेमतेम लागत होती. रक्तपेढीत तिच्या गटाची एकही पिशवी नाही. नवरा रक्त द्यायला तयार होता, पण त्याची तपासणी होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता.

मिरजेत मी काय केलं असतं? चार फोन केले असते. तिथे डॉक्टर एवढंच म्हणाले, "तिचंच रक्त तिला देऊ."

याला ऑटोट्रान्सफ्यूजन म्हणतात. पुस्तकात मी वाचलं होतं, समोर कधी पाहिलं नव्हतं. आमच्यातल्या एका क्लिनिकल ऑफिसरनं केटामिन दिलं. केटामिन हे जुनं, स्वस्त औषध, पण अशा वेळी सोन्यासारखं. रक्तदाब फारसा पाडत नाही, श्वास बहुधा चालू ठेवतं. पोट उघडल्याबरोबर डॉक्टरांनी ताजं रक्त निर्जंतुक वाटीनं उपसायला सुरुवात केली. गॉजच्या घड्यांमधून गाळून ते रक्त, गुठळी न होण्याचं औषध असलेल्या पिशवीत. पिशवी भरली की माझ्याकडे, आणि मी ती तिच्या शिरेत सोडायची. दोन पिशव्या झाल्या. एका बाजूला त्यांनी फुटलेली नलिका बांधली. सगळं मिळून चाळीसेक मिनिटं.

मध्येच वीज गेली. मलावीची बरीचशी वीज शिरे नदीवर तयार होते. जानेवारी 2022 मध्ये ॲना वादळानं तिथलं कापिचिरा वीजकेंद्र बंद पाडलं, तेव्हा तर देशभर अंधाराचे दिवस होते. वीज गेली की ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर थांबतो, कारण तो हवेतला नायट्रोजन वेगळा काढून ऑक्सिजन देतो आणि त्याला सतत वीज लागते. जनरेटर सुरू व्हायला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत कुणी ओरडलं नाही, कुणाची धावपळ नाही. क्लिनिकल ऑफिसरनं सिलिंडर उघडला, सिस्टरनं मोबाइलचा उजेड पोटावर धरला, डॉक्टर टाका घालत राहिले. मी अंबू बॅग दाबत होते. त्या रात्रीचं माझं काम म्हणजे बॅग दाबणं आणि पिशव्या लावणं. आणि शिकणं.

पाचव्या दिवशी ती बाई चालत घरी गेली. बरोबर तिची आई होती. तिथे पेशंटसोबत आलेल्या नातेवाइकाला 'गार्डियन' म्हणतात. हे गार्डियन रुग्णालयाच्या आवारात चुली मांडतात, मक्याच्या पिठाचा न्सिमा शिजवतात, पेशंटची आंघोळ-कपडे सगळं बघतात. सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात बसलेली आपली माणसं आठवावीत, तसंच दृश्य. फरक लुगड्याच्या जागी 'चिटेंजे'चा.

मग माझा उपयोग काहीच नव्हता का? तसंही नाही. खोटी नम्रताही नको. उपयोग होता, पण तो त्यांनी ठरवून दिलेल्या जागी होता.

सिझेरियनसाठी कमरेत भूल दिली की आईचा रक्तदाब पडतो. उजव्या कुशीखाली उशी सरकवून तिला थोडं डावीकडे कलतं ठेवायचं, सलाइन कधी वाढवायचं, एफेड्रिन किती द्यायचं, हे त्या चौघांना माहीत होतं. पण प्रत्येकाची पद्धत वेगळी, जो तो जिथे शिकला तिथली. आम्ही पाच जणांनी बसून एकच पद्धत ठरवली. लहान मुलांच्या औषधांचे डोस वजनाप्रमाणे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावले, म्हणजे रात्री दोन वाजता कुणाला मनात गुणाकार करायला नको. पल्स ऑक्सिमीटरचा आवाज बंद करून ठेवायची तिथे सवय होती, कारण तो सारखा वाजतो. ऑक्सिजन उतरला की त्या 'टिक टिक'चा सूर खाली जातो. पाठ फिरवून सुया भरतानाही कानाला ते कळतं. तेव्हा आवाज चालू ठेवायचा, हे आम्ही रोज गाणं शिकवल्यासारखं घोटलं.

या ऑक्सिमीटरचा आपल्या मातीशी एक धागा आहे, तो सांगायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची एक तपासणी-यादी काढली. एका पानाची, 19 मुद्द्यांची. त्या कामाचं नेतृत्व डॉक्टर अतुल गावंडे यांनी केलं. त्यांचं घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचं. त्या यादीत एक मुद्दा असा, की पल्स ऑक्सिमीटर लावलेला आहे आणि तो चालतो आहे. पण यंत्रच नसेल तर टिक कुठे करायची? म्हणून 2011 मध्ये लाइफबॉक्स ही संस्था सुरू झाली. गरीब देशांतल्या थिएटरांना परवडेल असा दणकट ऑक्सिमीटर द्यायचा आणि सोबत तो वापरायचं प्रशिक्षणही. व्हरांड्यातली ती दोन यंत्रं आठवा आणि हे आठवा. दोन्ही दानच. एकात विचारलं होतं, एकात नव्हतं.

आणि तिसऱ्या वेळी मी केलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट सांगू? त्यात वैद्यकीय असं काहीच विशेष नाही. चारांपैकी दोघांना ब्लँटायरच्या मोठ्या रुग्णालयात दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला जायचं होतं. दोन वर्षं जाता येत नव्हतं, कारण मागे ड्युटी कोण करणार? ती ड्युटी मी केली. आणि त्यांच्या रात्री माझ्याकडे आल्या म्हणून उरलेल्या दोघांना आठवड्यातून एक अख्खी रात्र झोप मिळाली. अहवालात लिहायचं तर काय लिहिणार, 'झोप वाटली'?

इथे मला 'समर्पित' या शब्दाबद्दल थोडं बोलायचंय. आपण अशा डॉक्टरांचं फार कौतुक करतो. करायलाच हवं. पण मी त्या डॉक्टरना एकदा म्हटलं, की तुमच्या त्यागाबद्दल मी घरी सगळ्यांना सांगते. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "मला त्याग करायचा नाहीये. मला अजून दोन सहकारी हवेत. मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला जायचं आहे."

हे मी विसरू शकत नाही. एखाद्याला देवमाणूस म्हटलं की त्याच्या शेजारच्या दोन रिकाम्या पदांकडे आपलं लक्ष जात नाही. आपल्याकडेही हेच होतं. आदिवासी भागात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या डॉक्टरचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ होतं. आणि शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातलं पद रिकामंच राहतं.

म्हणजे मी तिसऱ्या प्रश्नावर आलेच. गडचिरोली असताना मलावी कशाला? याचं माझं उत्तर साधं आहे. गडचिरोलीला जाता येत असेल तर जरूर जा, आधी जा. भाषा येते, कायदा माहीत असतो, पुन्हा पुन्हा जाता येतं. बाहेर जाण्यात कसलंही जास्तीचं पुण्य नाही. पण भूलतज्ज्ञांची टंचाई जगाच्या काही भागांत इतकी आहे, की आपल्या टंचाईची तिच्याशी तुलना होत नाही. सुरक्षित शस्त्रक्रिया आणि भूल वेळेवर आणि परवडेल अशी मिळू शकत नाही, असे जगात सुमारे 500 कोटी लोक आहेत, असं लॅन्सेटच्या आयोगानं 2015 मध्ये सांगितलं. त्यात आपलेही आहेत आणि त्यांचेही. आणि कसोटी दोन्हीकडे तीच. तुम्ही गेल्यावर काय उरतं? मेळघाटात रविवारचं शिबिर घेऊन संध्याकाळी अमरावतीला परतणाऱ्यालाही हा प्रश्न लागू आहे.

मराठी माणसाला परदेशी वैद्यकीय पथक म्हटलं की डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आठवतात. सोलापूरचे. 1938 साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेलं, त्यात ते होते, आणि नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. बाकीचे एकेक करून परतले, कोटणीस राहिले. आपण त्यांचं हौतात्म्य आठवतो. 9 डिसेंबर 1942 ला ते गेले तेव्हा फक्त 32 वर्षांचे होते. पण मला आता त्यांच्या आयुष्यातलं दुसरंच काही मोठं वाटतं. ते चिनी भाषा शिकले. बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि तिथल्या तरुणांना शिकवलं. ज्या माणसाला सहकाऱ्यांच्या भाषेत शिकवता येतं, तो पाहुणा राहत नाही. आपल्याला सगळं आयुष्य देणं जमणार नाही, मान्य. पण जाण्याआधी शंभर शब्द तर शिकता येतात? 'दुखतंय का', 'मोठा श्वास घ्या', 'बाळ छान आहे'. एवढ्या चिचेवावर माझे सहा आठवडे निघाले.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. ज्या संस्थेतर्फे जाणार तिला विचारा की बोलावणं तिथल्या रुग्णालयाचं आहे की तुमच्या संस्थेनं ठरवलंय. त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी करा. 'सेवा करतोय' म्हणून परवान्यातून सुटका नाही, आपल्याकडे कुणी असं केलं तर आपण चालवून घेऊ का? इथे जे करायची तुम्हाला परवानगी नाही, ते तिथे करू नका. लागणारं सामान बरोबर न्या, पण आधी यादी त्यांच्याकडून मागवा. पेशंटचे फोटो काढू नका. आणि एकदाच जाऊन दहा देश पाहण्यापेक्षा एकाच जागी तीनदा जा. दुसऱ्या खेपेला लोक खरं बोलायला लागतात.

आणि हे फक्त डॉक्टरांसाठी नाही. त्या रुग्णालयात मला सगळ्यात जास्त कुणाची गरज दिसली असेल तर कॉन्सन्ट्रेटर दुरुस्त करता येणाऱ्या तंत्रज्ञाची. फिल्टर तुंबला म्हणून बंद पडलेली तीन यंत्रं तिथल्या मुलानं, ज्याला हे कधी कुणी शिकवलंच नव्हतं, व्हिडिओ कॉलवर मिरजेच्या एका बायोमेडिकल इंजिनिअरचं ऐकून चालू केली. तो इंजिनिअर आजवर मलावीला गेलेला नाही. मुलगा आता शेजारच्या जिल्ह्याचीही यंत्रं बघतो.

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून चालू आहे. सुरुवातीला त्यावर रात्रीबेरात्री प्रश्न यायचे. आता क्वचित येतात, आणि आले तर उत्तर बहुतेक वेळा त्यांच्यातलाच कुणीतरी माझ्याआधी देतो. मी नुसता अंगठा दाखवते.

तुमच्यापैकी कुणी असं काम केलं असेल, देशात किंवा बाहेर, तर जरूर लिहून कळवा. विशेषतः तुमच्यानंतर तिथे काय चालू राहिलं आणि काय बंद पडलं, ते.